हृदयाच्या ठोक्यांची औषधं : कोणती गोळी कोणत्या गोळीला आड येते?

हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्या रुग्णाच्या पिशवीत सहसा एकच गोळी नसते. ठोके आवरायला एक, रक्त पातळ ठेवायला एक, बीपीची एक, साखरेची एक. त्यात मधेच ताप येतो, गुडघे धरतात, पोट बिघडतं, आणि आणखी दोन-तीन गोळ्यांची भर पडते. यातली प्रत्येक गोळी आपापल्या जागी योग्य असते. अडचण होते ती दोन गोळ्या पोटात एकत्र आल्यावर.

सीमाभागात ही अडचण जास्त जाणवते. चंदगडचा रुग्ण हृदयासाठी बेळगावला जातो, दोडामार्ग-सावंतवाडीचा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला, निपाणीचा कोल्हापूरला. तापासाठी मात्र गावातलाच दवाखाना असतो. मुलगा पुण्यात किंवा बंगळुरूत असेल तर तिथल्या डॉक्टरचीही एक चिठ्ठी असते. एका चिठ्ठीत काय लिहिलंय ते दुसऱ्या डॉक्टरला कळत नाही, आणि सगळ्या गोळ्या एकत्र येतात त्या थेट रुग्णाच्या शरीरात. म्हणून या औषधांची ओळख रुग्णाला आणि घरच्यांनाही असायला हवी.

आजार नेमका काय?

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक छोटी गाठ असते. ती ठरावीक वेळाने विजेचा सौम्य झटका देते आणि हृदय आकुंचन पावतं. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ६० ते १०० ठोके पडणं साधारण मानलं जातं. ही वीज भलत्या जागेवरून उठली, वाटेत अडली किंवा गोल-गोल फिरत राहिली की ठोके फार जलद, फार मंद किंवा वेडेवाकडे पडू लागतात.

यातला सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. यात वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. तिथे रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. या आजारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढतो. आपल्याकडे लहानपणी आलेल्या संधिवाताच्या तापामुळे हृदयाची झडप खराब झालेले रुग्ण अजूनही बरेच आहेत, आणि त्यांच्यात हा धोका आणखी मोठा असतो. त्यामुळे उपचारात दोन गोष्टी एकदम चालतात : ठोके ताब्यात ठेवणं आणि रक्ताची गुठळी होऊ न देणं. नेमक्या याच दोन गटांतली औषधं इतर औषधांशी सर्वात जास्त भांडतात.

औषधं एकमेकांना आड कशी येतात?

पहिला मार्ग यकृताचा. बहुतेक औषधं यकृतात मोडली जातात. एखादं दुसरं औषध हे काम थांबवतं, मग पहिलं औषध रक्तात साचत जातं. याउलट काही औषधं यकृताचा वेग वाढवतात, मग पहिलं औषध घेऊनही न घेतल्यासारखं होतं.

दुसरा मार्ग आतडं आणि मूत्रपिंडाचा. तिथे औषध शरीराबाहेर ढकलणारे पंप असतात. ते बंद पडले तर औषध आत राहतं.

तिसरा मार्ग साधा बेरजेचा. दोन औषधं एकच काम करतात, दोन्ही नाडी मंद करतात, आणि मिळून ती धोकादायक मंद होते.

चौथा मार्ग क्षारांचा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी किंवा जुलाबांनी पोटॅशियम, मॅग्नेशियम कमी होतं. डोस तोच असतो, पण हृदय त्याच डोसला बिथरतं.

डिगॉक्सिन : जुनं, स्वस्त आणि नाजूक

फॉक्सग्लव्ह या झाडाच्या औषधी वापराबद्दल विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरांनी १७८५ साली पुस्तक लिहिलं. डिगॉक्सिन त्याच घराण्यातलं. आजही ते स्वस्त आणि उपयोगी आहे, पण उपयोगाचं प्रमाण आणि विषाचं प्रमाण यात अंतर फार थोडं आहे. कमजोर हृदयाच्या रुग्णात एक मिलिलिटर रक्तात साधारण ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम पुरेसं मानतात. २ च्या वर गेलं की विषबाधेची भीती असते.

अमिओडॅरोन सुरू केलं की डिगॉक्सिनची पातळी चढते, म्हणून डॉक्टर डिगॉक्सिनचा डोस साधारण निम्म्यावर आणतात. व्हेरापामिल आणि क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकनेही पातळी वाढते. फ्युरोसेमाइडसारख्या लघवीच्या गोळीने पोटॅशियम घटतं आणि पातळी न वाढताही विषबाधा होऊ शकते. याउलट आम्लपित्ताचं पातळ औषध डिगॉक्सिनबरोबरच घेतलं तर गोळी नीट शोषली जात नाही. दोन्हींत काही तासांचं अंतर लागतं.

डिगॉक्सिन मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडतं. पावसाळ्यात जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाचं काम मंदावतं, शिवाय पोटॅशियमही जातं. वयस्कर रुग्णाला अशा वेळी दोन्ही बाजूंनी फटका बसतो. भूक मरणं, मळमळ, नजरेला पिवळं-हिरवं दिसणं, गोंधळल्यासारखं होणं, नाडी मंदावणं ही डिगॉक्सिन जास्त झाल्याची लक्षणं आहेत. मळमळ झाली म्हणून घरचे उलटीची गोळी देतात आणि खरं कारण झाकून जातं, असं होऊ नये.

अमिओडॅरोन : बंद केलं तरी जात नाही

हे औषध १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये तयार झालं, तेही छातीदुखीसाठी. ठोक्यांवरचा त्याचा गुण नंतर लक्षात आला. अवघड ठोक्यांवर ते प्रभावी आहे, पण त्याच्या वजनाचा ३७ टक्के भाग आयोडीनचा असतो. त्यामुळे थायरॉइड वाढू शकतं किंवा कमी होऊ शकतं. फुप्फुस, यकृत आणि डोळ्यांवरही लक्ष ठेवावं लागतं.

अमिओडॅरोन शरीरातल्या चरबीत साठतं. गोळी बंद केल्यावरही ते आठवडे, कधी महिने शरीरात राहतं. म्हणून ‘ती गोळी तर गेल्या महिन्यातच बंद झाली’ असं म्हणून डॉक्टरला न सांगणं चुकीचं ठरतं. नवं औषध सुरू होताना त्या जुन्या गोळीचा हिशेब धरावाच लागतो.

याच्या मुख्य जोड्या अशा :

- वॉर्फरिन किंवा असेनोकुमॅरॉल : रक्त जास्त पातळ होतं. वॉर्फरिनचा डोस साधारण एक तृतीयांश ते निम्मा कमी करावा लागतो. परिणाम काही आठवडे वाढत जातो, म्हणून तपासणी वारंवार लागते.
- सिम्वास्टॅटिन : कोलेस्टेरॉलची ही गोळी अमिओडॅरोनबरोबर दिवसाला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत. स्नायू दुखणं, लघवी गडद तपकिरी होणं हा धोक्याचा इशारा आहे.
- सोफोसबुव्हिर : कावीळ सी वरचं हे औषध. या जोडीने नाडी अतिशय मंद झाल्याच्या घटनांनंतर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१५ मध्ये इशारा दिला होता.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या

वॉर्फरिनचा शोध गुरांमुळे लागला. सडलेलं क्लोव्हर गवत खाऊन उत्तर अमेरिकेत गुरं रक्तस्रावाने मरत होती. विस्कॉन्सिन विद्यापीठात त्या गवतातलं द्रव्य वेगळं केलं गेलं. त्यावरून बनलेलं वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. भारतात वॉर्फरिनबरोबर असेनोकुमॅरॉल हे त्याचं भावंडही भरपूर वापरलं जातं.

या गोळ्यांचा परिणाम आयएनआर या रक्ततपासणीने मोजतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये तो साधारण २ ते ३ दरम्यान ठेवतात. खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची.

आयएनआर वाढवणारी औषधं अगदी रोजच्या वापरातली आहेत : जुलाबांवर दिलं जाणारं मेट्रोनिडॅझोल, को-ट्रायमोक्सॅझोल, बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल आणि तोंड आल्यावर लावायचं मायकोनॅझोलचं जेल. जेल तर बाहेरून लावायचं, त्याने काय होणार, असं वाटतं. पण तोंडातून ते पोटात जातं आणि आयएनआर चढतो.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा वेदनाशामक गोळ्यांनी पोटात जखम होऊन रक्तस्राव होऊ शकतो. कंबर धरली म्हणून गावच्या दवाखान्यात डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घेणं अशा रुग्णाला दुहेरी धोक्याचं, कारण सुई टोचलेल्या स्नायूतही रक्त साकळू शकतं. इंजेक्शन देण्याआधी ‘मला रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे’ हे वाक्य बोलून दाखवावंच. दुखण्यावर पॅरासिटामॉल तुलनेने बरं, मात्र तेही पूर्ण डोसमध्ये सलग बरेच दिवस घेतलं तर आयएनआर वाढवतं. ॲस्पिरिनही रक्तस्राव वाढवतं. स्टेंट बसवल्यावर डॉक्टर काही काळ मुद्दाम दोन्ही देतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, शेजाऱ्याने नव्हे.

जेवणाचाही संबंध आहे. पालक, मेथी, माठ, शेवग्याचा पाला, कोथिंबीर अशा हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व असतं आणि ते या गोळीचा परिणाम कमी करतं. भाजी बंद करायची नाही. खाण्याचं प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखं ठेवायचं. श्रावणात किंवा एखाद्या व्रतात आहार एकदम बदलणार असेल तर आधी डॉक्टरला सांगून ठेवावं.

डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्साबॅन, अपिक्साबॅन ही नवी औषधं. यांना नेहमी आयएनआर लागत नाही आणि पालेभाजीची अडचण नाही. म्हणून त्यांना कुठल्याच औषधाची बाधा नाही, असा समज झालाय. तो बरोबर नाही. व्हेरापामिलने डॅबिगॅट्रानची पातळी वाढते. फिटच्या आजारावरच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिनने या तिन्हींची पातळी घटते. रिव्हरॉक्साबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणाबरोबरच घ्यायची असते, आणि डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडून घ्यायची नसते.

शिवाय सगळ्यांना ही नवी औषधं चालत नाहीत. यांत्रिक झडप बसवलेल्यांना वॉर्फरिन गटाचीच गोळी लागते. संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेल्या रुग्णांवरचा ‘इन्व्हिक्टस’ हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतासह २४ देशांतल्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांच्या या अभ्यासात रिव्हरॉक्साबॅनपेक्षा जुन्या गोळीचेच निकाल चांगले आले. तेव्हा ‘जुनी गोळी दिली म्हणजे उपचार मागासलेला’ असं समजून परस्पर गोळी बदलू नये.

नाडी मंद करणाऱ्या दोन गोळ्या एकत्र

मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल, बिसोप्रोलोल, प्रोप्रानोलोल ही बीटा ब्लॉकर गटातली औषधं. व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम दुसऱ्या गटातली. दोन्ही गट नाडी मंद करतात. एका डॉक्टरने बीपीसाठी एक दिलं, दुसऱ्याने ठोक्यांसाठी दुसरं दिलं, तर नाडी ४० च्या खाली जाऊन चक्कर, बेशुद्धी येऊ शकते. हातथरथर किंवा अर्धशिशीसाठी दिलेलं प्रोप्रानोलोल आणि काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलोलचे थेंब हेही बीटा ब्लॉकरच आहेत. डोळ्याच्या थेंबांचा उल्लेख रुग्ण हमखास विसरतात.

दमा असेल तर बीटा ब्लॉकर आणि दम्याचा पंप एकमेकांविरुद्ध काम करतात. दम्यासाठीचं थिओफिलिन स्वतःच ठोके बिघडवू शकतं. मधुमेहात साखर एकदम उतरली की छाती धडधडते आणि रुग्ण सावध होतो. बीटा ब्लॉकरने ही धडधड झाकली जाते, घाम मात्र येतो. अशा रुग्णाने दरदरून घाम आला की साखर तपासावी. बीटा ब्लॉकर अचानक बंद करणंही धोक्याचं. ती डॉक्टरांच्या सांगण्यानेच हळूहळू कमी करतात.

‘क्यूटी’ म्हणजे काय भानगड?

ईसीजीच्या कागदावर क्यू आणि टी या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ. हा वेळ फार लांबला तर एक भयंकर जलद लय सुरू होऊ शकते. तिला ‘तोरसाद द प्वांत’ असं फ्रेंच नाव आहे. फ्रेंच डॉक्टर देसेर्तेन यांनी १९६६ मध्ये तिचं वर्णन केलं. तिच्यात माणूस बेशुद्ध पडतो, मृत्यूही येऊ शकतो.

सोटॅलोल आणि अमिओडॅरोन हे अंतर वाढवतातच. त्यात ॲझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन यांसारखी अँटिबायोटिक्स, फ्लुकोनॅझोल, उलटीवरचं ऑन्डॅनसेट्रॉन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन किंवा मानसिक आजारावरचं हॅलोपेरिडॉल मिसळलं तर धोका वाढतो. पित्ताच्या अनेक कॅप्सूलमध्ये डॉम्पेरिडोन मिसळलेलं असतं, आणि त्या लोक दुकानातून सहज घेतात. स्त्रिया, वयस्कर, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि पोटॅशियम-मॅग्नेशियम कमी असलेले यांना हा धोका जास्त.

ही भीती पुस्तकी नाही. ॲलर्जीवरचं टर्फेनाडिन याच कारणाने १९९८ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेलं. पोटाच्या तक्रारीवरचं सिसाप्राइड तिथे २००० मध्ये मागे घेतलं गेलं आणि भारतात त्यावर २०११ मध्ये बंदी आली.

क्षयरोग असेल तर

क्षयाच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन यकृताचा वेग प्रचंड वाढवतं. त्यामुळे वॉर्फरिनचा डोस कितीतरी वाढवावा लागतो, व्हेरापामिल पोटातून जवळपास निष्प्रभ होतं आणि नव्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. खरी कसोटी क्षयाचा कोर्स संपताना असते. रिफॅम्पिसिन थांबल्यावर एक-दोन आठवड्यांत यकृत पूर्वपदावर येतं. तोपर्यंत वॉर्फरिनचा वाढवलेला डोस तसाच राहिला तर आयएनआर उसळतो. औषध सुरू करताना जसं सांगायचं, तसं बंद करतानाही सांगायचं. औषधाला दाद न देणाऱ्या क्षयावरचं बेडाक्विलिन क्यूटी वाढवतं, म्हणून त्यात ईसीजी वारंवार काढतात.

आयुर्वेदिक आणि घरगुती औषधं

‘झाडपाल्याचं आहे, त्याला काही होत नाही’ हे इथे लागू पडत नाही. डिगॉक्सिन हे झाडपाल्याचंच आहे. आपल्याकडची सर्पगंधा घ्या. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मुंबईतल्या रुग्णांवरचे तिचे बीपीविषयीचे अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात मांडले आणि जगाचं लक्ष वेधलं गेलं. त्याआधी १९३१ मध्ये सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी तिच्यातून अजमलिन वेगळं केलं होतं. ते ठोक्यांवरचं औषध ठरलं. इतकी ताकदवान वनस्पती बीटा ब्लॉकर किंवा डिगॉक्सिनबरोबर घेतली तर नाडी जास्त मंदावू शकते.

खोकल्यासाठी ज्येष्ठमध रोज आणि बरेच दिवस घेतलं की पोटॅशियम उतरतं, आणि डिगॉक्सिन किंवा सोटॅलोल घेणाऱ्याला ते महागात पडतं. गुग्गुळाच्या अर्काने प्रोप्रानोलोल आणि डिल्टियाझेमचं रक्तातलं प्रमाण घटतं. हळद, लसूण रोजच्या स्वयंपाकात असायला हरकत नाही, पण त्यांच्या अर्काच्या कॅप्सूल रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर परस्पर सुरू करू नयेत. सर्दीच्या गोळ्यांतलं फेनिलेफ्रिन ठोके आणि बीपी बिघडवू शकतं, तेही ध्यानात असावं.

दोन राज्यांत उपचार चालू असतील तर

- सगळ्या औषधांची एकच यादी करावी. ब्रँडच्या नावाखाली पट्टीवर छापलेलं मूळ औषधाचं नाव लिहावं. कोल्हापूरला मिळणारा ब्रँड हुबळीत किंवा इंदूरला मिळेलच असं नाही, मूळ नाव मात्र सगळीकडे एकच असतं.
- यादीत थेंब, पंप, इंजेक्शन, काढे, चूर्ण आणि गेल्या तीन महिन्यांत बंद झालेली औषधंही असावीत.
- शेवटचा ईसीजी, आयएनआर, क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचा रिपोर्ट मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा.
- नवा डॉक्टर असो की दातांचा डॉक्टर, आधी यादी दाखवावी, मग तक्रार सांगावी.
- नवी गोळी मिळाली की एकच प्रश्न विचारावा : ‘ही माझ्या ठोक्यांच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर चालेल ना? तपासणी कधी करू?’
- दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या नावांनी एकच औषध दिलं नाही ना, हे दुकानातल्या फार्मासिस्टकडून तपासून घ्यावं.
- दुष्परिणामाची शंका असेल तर भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्ण स्वतःही कळवू शकतो.

थांबू नये अशी लक्षणं

बेशुद्ध पडणं किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणं, छातीत दुखणं, दम लागणं, चक्कर येऊन नाडी ५० च्या खाली जाणं, काळी शौच, लघवीतून रक्त, न थांबणारा घोळणा, डोक्याला मार लागल्यानंतरची डोकेदुखी, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळे पडणं किंवा बोलणं अडखळणं : यातलं काहीही झालं तर उद्याची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. ही सेवा महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, मध्य प्रदेश, गुजरात आणि तेलंगणातही आहे. रुग्णालयात जाताना औषधांची पिशवी आणि यादी सोबत घ्यावी.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात असू द्यावी. वर लिहिलेल्या अनेक जोड्या डॉक्टर जाणूनबुजून, डोस कमी करून आणि तपासण्या ठेवून देतात. त्यामुळे यादीत आपल्या दोन गोळ्या दिसल्या म्हणून त्यातली एक बंद करणं हा त्यावरचा उपाय नाही. रक्त पातळ करणारी गोळी मनानेच सोडल्यामुळे पक्षाघात होऊ शकतो. शंका आली तर गोळी चालू ठेवून त्याच दिवशी डॉक्टरला विचारावं. डोस वाढवणं, कमी करणं किंवा बंद करणं हा निर्णय त्यांचाच.